वाचकांचे प्रश्न : हिरवी पट्टी आली, तरी यादी हवीच का?

मागील अंकातील फवारणीच्या ड्रोनवरील लेखात, उड्डाणापूर्वी कागदावरील यादी वाचून यंत्राची तपासणी करावी, असे एक वाक्य ओघात आले होते. लेख किफायतीच्या गणिताविषयी होता, पत्रे मात्र त्या एका वाक्यावर आली. त्यांतील सहा पत्रे येथे घेतली आहेत. बहुतेकांनी स्वतःच्या चुका मोकळेपणाने लिहिल्या असल्यामुळे नावे मुद्दाम गाळली आहेत.

प्रश्न : मी सहा वर्षे सांगली जिल्ह्यात लग्नसमारंभांचे ड्रोन चित्रीकरण करतो. ड्रोन सुरू केला की मोबाइलवरील अ‍ॅप जीपीएस, होकायंत्र, बॅटरी असे सारे स्वतःच तपासते आणि हिरवी पट्टी दाखवते. ती आल्याशिवाय मी उडवत नाही. मग कागदावरच्या वेगळ्या यादीचा उपयोग काय? — एक छायाचित्रकार

उत्तर : अ‍ॅपची हिरवी पट्टी खोटे बोलत नाही, पण तिला जेवढे दिसते तेवढेच ती सांगते. उपग्रह किती मिळाले, बॅटरीच्या प्रत्येक सेलचा व्होल्टेज किती आहे, होकायंत्राच्या वाचनात गडबड आहे का, हे तिला कळते, कारण तेथे सेन्सर बसवलेले असतात. पात्याच्या मुळाशी गेलेली केसाएवढी चीर, मंडपावरून जनरेटरकडे ओढलेली काळी केबल, वरातीपुढे कोणी नुकतीच पसरलेली फटाक्यांची माळ किंवा परतीच्या वाटेवर उभे असलेले नारळाचे झाड तिला ठाऊक नसते. काही ड्रोनना अडथळे ओळखणारे कॅमेरे असतात हे खरे. परंतु बारीक तार आणि रात्रीचा अंधार या दोन्हींपुढे ते लंगडे पडतात, आणि लग्नाच्या मांडवात या दोन्ही गोष्टी हमखास असतात.

यंत्राच्या सूचनेवर विसंबण्याचा प्रश्न ड्रोनपेक्षा पुष्कळ जुना आहे. १६ ऑगस्ट १९८७ रोजी अमेरिकेतील डेट्रॉइट येथून नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचे एमडी-८२ जातीचे विमान निघाले, तेव्हा उड्डाणासाठी पंखांच्या कडेचे जे फ्लॅप बाहेर काढावे लागतात ते काढलेच गेले नव्हते. धावपट्टीकडे जाताना वाचावयाची यादी वैमानिकांनी वाचली नव्हती, आणि अशा चुकीवर ओरडून सावध करणारी यंत्रणाही गप्प राहिली, कारण तिला वीजच मिळत नव्हती. १५६ माणसे गेली. विमानातील चार वर्षांची एक मुलगी तेवढी वाचली. यंत्र गप्प असण्याची दोन कारणे संभवतात, सारे ठीक असणे किंवा यंत्रच बंद असणे, आणि बाहेरून ही दोन्ही सारखीच दिसतात.

आपल्या पत्रातील ‘सहा वर्षे’ हे शब्द मला अधिक महत्त्वाचे वाटले. यादी नवख्यांसाठी असते असा समज आपल्याकडे घट्ट आहे, परंतु तिचा जन्मच एका मुरलेल्या वैमानिकाच्या अपघातातून झाला. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी ओहायो राज्यातील डेटन येथे, राइट फील्डवर, बोईंग कंपनीच्या चार इंजिनांच्या ‘मॉडेल २९९’ या नव्या बॉम्बफेकी विमानाची चाचणी होती. सुकाणूवर मेजर प्लॉयर हिल हे सैन्यातील अनुभवी चाचणी वैमानिक होते. विमान उभे असताना वाऱ्याने शेपटीचे नियंत्रण-पंख हलू नयेत म्हणून त्यांना जो अटकाव घालतात तो काढायचा राहून गेला. विमान अंगात आल्यासारखे सरळ वर चढले, हवेत थबकले आणि कोसळले. हिल यांच्यासह बोईंगचे मुख्य चाचणी वैमानिक लेस्ली टॉवर यांचाही त्यात अंत झाला. त्यानंतर वैमानिकांनी जो मार्ग काढला तो जादा प्रशिक्षणाचा नव्हता, कारण हिल यांना शिकवण्यासारखे कोणाकडे फारसे काही नव्हते. त्यांनी उड्डाणापूर्वी वाचावयाची एक छोटी यादी तयार केली. तेच विमान पुढे बी-१७ या नावाने दुसऱ्या महायुद्धात हजारोंच्या संख्येने उडाले.

माझी स्वतःची चूक याच जातीची, फक्त उलट्या दिशेची. हिल यांचा अटकाव काढायचा राहिला; माझा लावायचा राहिला. फवारणीच्या सहा पंख्यांच्या ड्रोनचे हात दुमडता येतात आणि उघडल्यावर प्रत्येक हातावर एक प्लॅस्टिकची कडी फिरवून घट्ट करावी लागते. पाच कड्या आवळून झाल्या असताना शेतमालक चहा घेऊन आले. मी उठलो, चहा घेतला, उसाच्या दराविषयी दोन शब्द बोललो आणि परत येऊन थेट रिमोट हातात घेतला. ड्रोन तीन-साडेतीन मीटर वर गेला आणि सहावा हात, कोपरातून वाकावा तसा, खाली वाकला. दहा लिटरची भरलेली टाकी असलेले ते यंत्र माझ्यापासून दहा पावलांवर आपटले. कोणाला लागले नाही, हा निव्वळ योग. कडी आवळावी लागते हे मला माहीत नव्हते असे कोण म्हणेल? त्याच सकाळी मी ती चार वेळा आवळली होती.

आपल्या कामापुरते सांगायचे तर तीन गोष्टी अ‍ॅपवर सोडू नयेत. पहिली, पाती. प्रत्येक पाते हातात घेऊन पुढच्या कडेवरून टोकापासून मुळापर्यंत अंगठ्याचे नख फिरवावे. डोळ्याला न दिसणारी चीर नखाला अडते. चीर गेलेले पाते चिकटपट्टीने सांधून ‘आजचे लग्न काढू’ असा विचार कधीही करू नये. दुसरी, परतीची उंची. रिमोटशी संपर्क तुटल्यास किंवा बॅटरी उतरल्यास ड्रोन ठरलेल्या उंचीवर चढून सरळ रेषेत परत येतो. कालच्या मोकळ्या लॉनवर ती तीस मीटर ठेवली असेल, तर आजच्या कार्यालयामागील मोबाइल टॉवरला ती पुरणार नाही. म्हणून जागेवर पोचताच एकदा स्वतःभोवती पूर्ण फिरून सर्वांत उंच वस्तू कोणती ते पाहावे आणि तिच्यापेक्षा वीस मीटर जास्त आकडा टाकावा. तिसरी गोष्ट म्हणजे माणसे. वधूवरांवर फुले उधळणारा ड्रोन फार देखणा दिसतो, परंतु पाहुण्यांच्या डोक्यावर यंत्र नेणे, यादीतील सगळ्या रकान्यांवर खुणा असल्या तरी, सुरक्षित ठरत नाही. या बाबतीत मी यजमानांची नाराजी पत्करतो.

प्रश्न : आमच्या परभणी जिल्ह्यातील बचत गटाला फवारणीचा ड्रोन मिळाला आहे. मी उडवते आणि गटातील दुसरी ताई औषध कालवणे, बॅटऱ्या बदलणे हे पाहते. प्रशिक्षणात चार पानांची यादी मिळाली, तीत साठहून अधिक मुद्दे आहेत. दिवसाला वीस-पंचवीस उड्डाणे होतात. प्रत्येक वेळी एवढे वाचत बसले तर सकाळची वाऱ्याविना असलेली वेळ निघून जाते. कोणते मुद्दे गाळले तर चालतील? — एक ड्रोन दीदी

उत्तर : ताई, आपण प्रश्न प्रामाणिकपणे विचारला, कारण साठ मुद्द्यांची यादी दिवसातून पंचवीस वेळा कोणीच वाचत नाही, तशी वाचली जाते असा केवळ देखावा होतो. मात्र गाळण्यापेक्षा वाटणी करावी. काही गोष्टी दिवसातून एकदाच तपासल्या तरी चालतात, काही शेत बदलले की पाहाव्या लागतात आणि मोजक्या सात-आठ गोष्टी दर उड्डाणाला पाहाव्याच लागतात. ही तीन स्वतंत्र कार्डे करावीत, मोठ्या अक्षरांत मराठीत लिहावीत आणि प्लॅस्टिकमध्ये बंद करून घ्यावीत, कारण औषधाचे हात लागणारच.

घरून निघण्यापूर्वीच्या कार्डात बॅटऱ्यांना पहिला मान द्यावा. सहा सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी पूर्ण भरली की २५.२ व्होल्ट दाखवते, म्हणजे प्रत्येक सेलला ४.२. एकूण आकडा बरोबर असूनही एखादा सेल इतरांपेक्षा मागे राहिलेला असू शकतो, म्हणून सेलनिहाय आकडे पाहावेत. बॅटरी सपाट फरशीवर ठेवून हलकेच टोकाला दाबावी. ती डुगडुगली तर पोट फुगलेले आहे असे समजावे आणि ती बाजूला काढावी, त्या दिवसापुरतीच नव्हे, कायमची. नुकत्याच उतरवलेल्या गरम बॅटरीला लगेच चार्जिंगला लावण्याचा मोह हंगामात फार होतो. तळवा ठेवून ती कोमट लागेपर्यंत सावलीत थांबावे. याच कार्डात कड्या, पात्यांचे स्क्रू, टाकीची गाळणी आणि नोझल येतात. नोझलची चाचणी साध्या पाण्याने घरीच करावी, म्हणजे तुंबलेले नोझल शेतात तोंडाने फुंकण्याची वेळ येत नाही. हे मी उगाच लिहीत नाही. फुंकणारे पाहिले आहेत. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते औषध श्वासातून आणि कातडीतूनच शरीरात गेले होते. ड्रोनमुळे माणूस फवाऱ्यापासून लांब राहतो, पण टाकी भरणारी ताई लांब राहत नाही. तिचे हातमोजे, तोंडावरील मास्क आणि डोळ्यांवरील चष्मा हे यंत्राच्या तपासणीइतकेच यादीतील मुद्दे आहेत, आणि कित्येक छापील याद्यांत तेच शेवटच्या पानावर ढकललेले असतात.

शेतावर पोचल्यावर आधी बांधावरून चालत एक फेरी मारावी. ही फेरी कार्डात लिहिलेली असावी, नाहीतर ती पहिल्यांदा गळते. विजेच्या तारा कोठून कोठे जातात, रोहित्र कोठे आहे, विहिरीच्या मोटारीसाठी कोणी खाजगी केबल बांबूवरून नेली आहे का, पिकात बुजगावण्याची काठी किंवा ठिबकच्या टाकीचा सांगाडा लपला आहे का, हे पायाने फिरल्याशिवाय कळत नाही. तार वरून पाहताना दिसत नाही. खांब दिसतात, म्हणून दोन खांब दिसले की मध्ये तार आहेच असे धरून चालावे. याच वेळी मूठभर माती किंवा वाळलेले गवत हवेत सोडून वाऱ्याची दिशा पाहावी आणि त्या दिशेला पुढे काय आहे हेही पाहावे. आपल्या भागात अनेकांनी रेशमासाठी तुती लावली आहे. कापसावरचे कीटकनाशक वाऱ्याने तुतीच्या पानावर गेले आणि ती पाने अळ्यांना घातली, तर शेजाऱ्याची पूर्ण बॅच हातची जाते, आणि हे नुकसान आपला ड्रोन व्यवस्थित उडून सुखरूप उतरल्यानंतर होते. शेजारी तुती किंवा मधमाश्यांच्या पेट्या असतील, तर फवारणीच्या आदल्या दिवशी त्यांना सांगणे हा याच कार्डातील मुद्दा आहे.

आता दर उड्डाणाचे कार्ड. ते एका दमात वाचून होईल एवढेच असावे आणि ते पायलटने एकटीने मनात वाचू नये. मोठ्या विमानांत एक वैमानिक मुद्दा वाचतो आणि दुसरा त्याचे उत्तर मोठ्याने देतो. आपणही तसेच करावे. कार्ड मदतनीस ताईंच्या हाती द्यावे. त्यांनी ‘बॅटरी?’ असे विचारल्यावर ‘हो’ किंवा ‘ठीक’ हे उत्तर स्वीकारू नये, कारण ‘हो’ म्हणायला पाहावे लागत नाही. उत्तर आकड्यात किंवा कृतीत असावे : ‘पंचवीस पूर्णांक एक, दोन्ही प्लग शेवटपर्यंत आत.’ ‘कड्या?’ ‘सहा’, आणि तेही सहाही हातांना हात लावून. ‘टाकी?’ ‘आठ लिटर, झाकण बंद.’ ‘उपग्रह?’ ‘सोळा.’ ‘परतीची जागा?’ ‘या बांधावर, आता नोंदवली.’ ‘माणसे?’ ‘मागे वळून पाहिले, मुले विहिरीपाशी, लांब.’ ‘वारा?’ ‘पूर्वेकडून, मंद.’ एवढे म्हणायला मिनिटभरही लागत नाही; चाळीस सेकंदांवर जाऊ लागले तर एखादा मुद्दा दुसऱ्या कार्डात टाकावा.

परतीची जागा या मुद्द्यावर थोडे थांबतो. पहिल्या उड्डाणाला नोंदलेली जागा आणि पाचव्या उड्डाणाच्या वेळची आपली जागा यांत पुष्कळदा शे-दीडशे मीटरचे अंतर पडलेले असते, कारण पट्टा संपत जातो तसे आपण बॅटऱ्यांसह पुढे सरकतो. ड्रोन बंद करून पुन्हा सुरू केला की बहुतेक यंत्रे नवी जागा नोंदवतात. परंतु काही वेळा बॅटरी न काढता केवळ टाकी भरून ड्रोन पुन्हा उडवला जातो, आणि त्या वेळी त्याच्या स्मरणात जुनाच बांध असतो. संपर्क तुटल्यावर तो तेथेच उतरेल, मग तेथे आता बैलगाडी उभी असो की भाकरी खायला बसलेल्या बाया.

मधेच कोणी हाक मारली, फोन वाजला, चहा आला, तर कार्ड जेथे राहिले तेथून पुढे वाचू नये. पहिल्या मुद्द्यापासून पुन्हा वाचावे. आपल्याला वाटते तेवढे आपल्याला आठवत नाही. माझी सहावी कडी याच ठिकाणी राहिली होती.

आणि कार्ड पूर्ण झाल्यावरही ड्रोन थेट पिकावर नेऊ नये. माणसाच्या उंचीवर वीस-तीस सेकंद त्याला स्थिर धरून आवाज ऐकावा, पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे थोडे हलवून पाहावे. एखाद्या मोटारीचे बेअरिंग गेले असेल तर सुरातला फरक कानाला कळतो; रोज ऐकणाऱ्याला तर हमखास कळतो.

प्रश्न : नाशिकजवळच्या एका किल्ल्यावर मी ड्रोन उडवला. उडवण्यापूर्वी नियमाप्रमाणे होकायंत्र जुळवून घेतले होते, तरीही ड्रोन एका जागी न थांबता मोठमोठे गोल घेऊ लागला आणि तटाला धडकला. यादी पाळूनही असे का झाले? — एक गिर्यारोहक

उत्तर : आपण पत्रासोबत पाठवलेल्या छायाचित्रात ड्रोन जेथे ठेवला होता, तेथून दीड हातावर लोखंडी तोफ दिसते. यादीत ‘होकायंत्र जुळवणे’ असा मुद्दा होता, तो आपण पाळला. परंतु ‘कोठे’ हा शब्द त्या यादीत नव्हता. तोफेजवळ जुळवलेले होकायंत्र तोफेला गृहीत धरते. ड्रोन वर गेला, तोफेचा प्रभाव संपला आणि होकायंत्र व जीपीएस यांचा एकमेकांशी मेळ बसेना. जागा सुधारण्यासाठी घेतलेली प्रत्येक हालचाल थोडी तिरकी जाऊ लागली, की तिचे गोल होतात. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातही लोहयुक्त चुंबकीय खनिज असते, त्यामुळे तोफ नसली तरी थेट कातळावर ड्रोन ठेवणे टाळावे. पाठपिशवी किंवा लाकडी फळी यांवर तो उंच ठेवावा, चुंबकाचे झाकण असलेला मोबाइल दूर ठेवावा, आणि अ‍ॅपने मागितल्याशिवाय किंवा शंभर-दोनशे किलोमीटर लांबच्या ठिकाणी गेल्याशिवाय होकायंत्र उगीच जुळवू नये. चांगले जुळलेले होकायंत्र वाईट जागी पुन्हा जुळवणे हा काळजीपूर्वक केलेला बिघाडच असतो.

किल्ल्यासाठी यादीत आणखी काही भर घालावी लागते. ड्रोन दाखवतो ती उंची उड्डाणाच्या जागेपासूनची असते. कड्याबाहेर शंभर फूट जाताच खाली दरी असल्याने जमिनीपासूनची खरी उंची कितीतरी वाढते आणि कायद्याची मर्यादा नकळत ओलांडली जाते. वारा दरीतून कड्यावर चढतो आणि तटामागे खाली झोडपतो. जाताना वाऱ्याबरोबर गेलेल्या ड्रोनला परत येताना त्याच वाऱ्याशी झुंजावे लागते, म्हणून पहिली धाव नेहमी वाऱ्याच्या तोंडावर घ्यावी. कड्याला आग्या मोहोळ दिसले तर उडवण्याचा विचारच सोडावा. त्याची किंमत ड्रोनला नव्हे, तर पाठीमागून चढून येणाऱ्या अनोळखी ट्रेकरना द्यावी लागेल. आणि या साऱ्याच्या आधीचा मुद्दा, जो आपल्या पत्रात कोठेच नव्हता : किल्ला पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली असेल, तर पूर्वपरवानगी हातात असल्याशिवाय ड्रोनची पिशवी घरून उचलू नये.

प्रश्न : उड्डाणापूर्वीच्या यादीत कायद्याचे कोणते मुद्दे असावेत? — पुण्यातील एक विद्यार्थी

उत्तर : भारतात २५ ऑगस्ट २०२१ रोजी अधिसूचित झालेले ड्रोन नियम लागू आहेत. त्यांत वजनावरून वर्ग ठरतात : २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, तेथून २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल आणि पुढे मीडियम व लार्ज. फवारणीचे बहुतेक ड्रोन स्मॉल वर्गात येतात आणि ते चालवणाऱ्याकडे रिमोट पायलट प्रमाणपत्र असावे लागते. नॅनो ड्रोनसाठी आणि बिगरव्यावसायिक मायक्रो ड्रोनसाठी ते लागत नाही. लग्नाचे पैसे घेणारे मात्र बिगरव्यावसायिक ठरत नाहीत. नोंदणीचा क्रमांक आणि नॅनो वगळता इतरांना तृतीय पक्ष विमा या कागदांची तपासणी महिन्यातून एकदा केली तरी पुरते.

उड्डाणाच्याच दिवशी पाहावयाचा मुद्दा एकच, आणि तो म्हणजे हवाई क्षेत्राचा नकाशा. हिरव्या क्षेत्रात साधारणतः ४०० फुटांपर्यंत परवानगीविना उडवता येते. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट आहे. पिवळ्या क्षेत्रासाठी हवाई वाहतूक नियंत्रणाची आणि लाल क्षेत्रासाठी केंद्र सरकारची परवानगी लागते. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा असल्याने पुण्याच्या मोठ्या भागातील रहिवाशांनी घराच्या गच्चीवरून ड्रोन उडवण्यापूर्वी हा नकाशा उघडलाच पाहिजे. काल हिरवे असलेले ठिकाण आज हिरवे असेल असे समजू नये, कारण पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी एखादा भाग एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल घोषित करू शकतो. मंत्र्यांचा दौरा, मोठी मिरवणूक किंवा सभा असेल, तर पोलिसांचे मनाई आदेशही वर्तमानपत्रात पाहून घ्यावेत. नकाशाच्या पडद्याचे तारीख-वेळेसह छायाचित्र मोबाइलमध्ये ठेवण्याची सवय मला दोनदा उपयोगी पडली आहे.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो. दिवाळीत गावी येताना ड्रोन आणून आजोबांच्या वाड्याचे चित्रीकरण करावे असा विचार आहे. सामान बांधताना काय तपासावे? — एक वाचक

उत्तर : पहिल्याच मुद्द्यावर थांबावे लागेल. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनच्या आयातीवर भारतात बंदी आहे; संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांसाठीच अपवाद आहे. ड्रोन घरीच ठेवावा आणि गावाजवळच्या प्रमाणपत्रधारक व्यावसायिकाकडून चित्रीकरण करून घ्यावे. त्याने उडवण्यापूर्वी पात्यावर नख फिरवले का, हे आपण अंगणात उभे राहून पाहू शकता.

प्रश्न : माझा फवारणी सेवेचा व्यवसाय असून चार ड्रोन आणि आठ मुले आहेत. याद्या छापून दिल्या आहेत. संध्याकाळी सगळे कागद खुणा करून परत येतात, पण त्या खुणा एकाच पेनाने, एकाच झोकात, दिवस संपल्यावर केलेल्या असतात हे मला दिसते. दंड लावून पाहिला. खुणा अधिक नीटनेटक्या झाल्या, एवढेच. काय करावे? — एक सेवा पुरवठादार

उत्तर : दंडाने अक्षर सुधारते, हे आपणच लिहिले आहे. मी आपल्याला एकच आकडा विचारतो : गेल्या हंगामात यादी वाचून किती उड्डाणे रद्द झाली? तो आकडा शून्य असेल, तर आपल्या मुलांच्या हाती आहे ती यादी नव्हे, हजेरीपत्रक आहे. तारा, वारा, जुन्या बॅटऱ्या आणि लहान मुले असलेल्या शिवारात पूर्ण हंगाम काढून एकदाही ‘नको’ म्हणावे लागले नाही, हे मला खरे वाटत नाही.

मुले ‘नको’ का म्हणत नाहीत, याचे उत्तर बहुधा आपल्या हिशोबाच्या वहीत सापडेल. त्यांना एकरामागे पैसे मिळत असतील, तर वारा सुटला म्हणून थांबलेल्या दोन तासांची किंमत ती मुलेच मोजतात, आपण नव्हे आणि शेतमालकही नव्हे. माझ्याकडे काम करणाऱ्या दोघांना मी आता दिवसाची ठरावीक मजुरी देतो आणि एकराचे पैसे वर थोडेसेच ठेवतो. यादीतील मुद्द्यावरून थांबलेला वेळ भरपगारी धरतो. पहिल्या महिन्यात मला त्याचा चिमटा बसला, हे कबूल करतो. मदतनिसाने ‘थांब’ म्हटले तर पायलटने, आणि मी बांधावर असलो तर मीसुद्धा, कारण न विचारता रिमोट खाली ठेवावा, असा करारही आम्ही केला आहे. कारण नंतर बोलतो.

खुणांचे कागद बंद करावेत. त्याऐवजी कार्ड बॅटरीच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवावे, म्हणजे बॅटरी काढायची तर ते समोर येतेच, आणि सोबत एक साधी वही ठेवावी, जिच्यात फक्त न झालेली उड्डाणे लिहावयाची. आमच्या वहीतील या पावसाळ्यातील एक नोंद अशी आहे : ‘दु. ३.१०, सोयाबीन, दुसरा पट्टा. चौथ्या हाताची कडी फिरते पण आवळत नाही. उड्डाण नाही. मालक रागावले. कडी बदलून ५ वाजता सुरू.’ हे अक्षर त्या मुलाचे आहे, ज्याने माझ्या ड्रोनचा सहावा हात वाकताना पाहिला होता.